कावेरीकाठी कोणता फोन? बांधणी, पडदा आणि कॅमेरा यांची तुलना

फोनची तुलना बहुतेकदा तक्त्यात होते. एका बाजूला एक नाव, दुसऱ्या बाजूला दुसरे, मध्ये आकड्यांच्या ओळी. तक्ता जगभर सारखाच छापला जातो, पण फोन वापरणारा माणूस कुठल्या तरी एका गावात राहतो. त्या गावात ऊन किती, पाणी किती, तो फोटो कशाचे काढणार आणि किती अंतरावरून, यावर त्या आकड्यांचा अर्थ ठरतो. म्हणून या लेखात तीन फोन एकाच प्रदेशाच्या गरजांवर तपासले आहेत. तो प्रदेश म्हणजे तंजावर जिल्ह्यातली कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली गावे.

मराठी वाचकाला तंजावर परके नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतली दप्तरे आहेत. आज तिथे राहणारी मराठी घरे आणि महाराष्ट्रातून तिथे जाणारे प्रवासी व अभ्यासक या सगळ्यांच्या खिशात फोन असतोच. फोनची पारख करायलाही ही जागा फार चांगली आहे. कारण भाताच्या खाचरातले पाणी, डोळे दिपवणारे ऊन, दगडी देवळातला समईचा उजेड आणि बंगालच्या उपसागराचा खारा वारा हे सगळे एका दिवसाच्या प्रवासात भेटते.

तीन फोन, जवळजवळ एकच किंमत

तुलनेसाठी २०२५ साली आलेले तीन फोन घेतले आहेत. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ जानेवारीत जाहीर झाला, गूगलचा पिक्सेल १० ऑगस्टमध्ये आणि ॲपलचा आयफोन १७ सप्टेंबरमध्ये. २५६ जीबीच्या आवृत्तीची भारतातली सुरुवातीची किंमत अनुक्रमे ८०,९९९, ७९,९९९ आणि ८२,९०० रुपये होती. बाजारात पुढे सवलती येतात आणि भाव उतरतात. पण तिघे एकाच पायरीवर उभे होते, म्हणून त्यांची तुलना न्याय्य ठरते.

तमिळनाडूचा या धंद्याशी संबंध फक्त गिऱ्हाईक म्हणून नाही. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला २००६ मध्ये नोकियाचा कारखाना सुरू झाला आणि २०१४ मध्ये तो बंद पडला. आता त्याच पट्ट्यात फॉक्सकॉन आयफोनची जुळणी करते. फोन कसा निवडावा हा प्रश्न या राज्यात अनेक घरांत रोजगाराच्या अंगानेही ओळखीचा आहे.

किंमत एवढी जवळ असूनही हे तीन फोन तीन वेगळ्या विचारांनी बांधले आहेत. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, याचा निर्णय प्रत्येक कंपनीने वेगळा घेतला आहे. तो निर्णय ओळखता आला की निवड सोपी होते.

बांधणी: हातात कसा बसतो

गॅलेक्सी एस२५ तिघांत सर्वांत हलका आणि बारीक आहे. त्याचे वजन १६२ ग्रॅम आणि जाडी ७.२ मिमी आहे. आयफोन १७ चे वजन १७७ ग्रॅम, जाडी ७.९५ मिमी. पिक्सेल १० सर्वांत जड आहे, २०४ ग्रॅम आणि ८.६ मिमी. म्हणजे सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड फोनमध्ये ४२ ग्रॅमचे अंतर आहे. दुकानात पाच मिनिटे हातात धरल्यावर ते जाणवत नाही. बांधावरून चालताना सदऱ्याच्या खिशात दिवसभर बाळगले, किंवा एका हाताने उंच धरून दहा मिनिटे चित्रीकरण केले, की जाणवते.

पिक्सेलच्या वजनामागे एक कारण आहे. त्यात ४९७० एमएएचची बॅटरी आहे, गॅलेक्सीत ४००० एमएएचची. दिवसभर शेतात किंवा देवळांच्या वाटेवर असणाऱ्याने हा व्यवहार लक्षात ठेवावा. हलकेपणा हवा असेल, तर सोबत पॉवर बँक ठेवायची तयारी हवी.

तिन्ही फोनची चौकट ॲल्युमिनियमची आणि पाठ काचेची आहे. पिक्सेलच्या पाठीवर कॅमेऱ्यांची आडवी पट्टी बहुतेक रुंदीभर पसरते, त्यामुळे तो टेबलावर न डगमगता बसतो. गॅलेक्सीची तीन भिंगे सुटी सुटी वर आलेली आहेत. मळणीच्या दिवसांत हवेत उडणारे तूस आणि धूळ अशा भिंगांच्या कडांशी साठते. फोटो काढण्याआधी मऊ सुती कापडाने भिंग पुसण्याची सवय तिन्ही फोनना लागते, गॅलेक्सीला थोडी जास्त. फोटो धूसर येतो तेव्हा दोष कॅमेऱ्याचा कमी आणि भिंगावरच्या बोटांच्या ठशांचा अधिक असतो.

पाणी आणि मीठ

तिन्ही फोनना आयपी ६८ हे मानांकन आहे. यातला ६ धुळीसाठी आहे. धूळ आत शिरत नाही, असा त्याचा अर्थ. ८ हा आकडा पाण्यासाठी आहे आणि त्याची अट प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. आयफोन १७ साठी ती ६ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे अशी आहे, गॅलेक्सी एस२५ साठी १.५ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. कागदावर हा फरक मोठा वाटतो. खाचरात पडलेल्या फोनच्या दृष्टीने मात्र तो जवळजवळ शून्य आहे, कारण भाताच्या खाचरात पाणी काही इंचच असते.

महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. ही चाचणी स्वच्छ गोड्या पाण्यात होते. खाचरातला चिखल, खताचे पाणी किंवा समुद्राचे पाणी तिच्यात धरलेले नसते. पट्टुक्कोट्टैच्या पलीकडे किनाऱ्यावर सरफोजीराजे दुसरे यांनी १८१४ च्या सुमारास उभारलेला मनोरा आहे. नेपोलियनविरुद्ध इंग्रजांना मिळालेल्या विजयाची आठवण म्हणून तो बांधला गेला. तो पाहायला जाणाऱ्यांनी फोन खाऱ्या पाण्यापासून आणि तुषारांपासून जपावा. मीठ चार्जिंगच्या खाचेत बसले की धातूचे टोक गंजते. फोन खाऱ्या पाण्याने भिजलाच, तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

पाणीरोधक रबरी कडा काळाबरोबर झिजतात. फोन एकदा उघडून दुरुस्त केला की पूर्वीची खात्री राहत नाही. पाणी शिरून झालेले नुकसान नेहमीच्या वॉरंटीत सहसा बसत नाही. त्यामुळे आयपी ६८ हा अपघातात सावरणारा आधार समजावा, फोन मुद्दाम पाण्यात नेण्याचा परवाना समजू नये. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात इथे झोडपतो. तेव्हा ज्याचे काम बांधावर आहे, त्याने ८० हजारांच्या फोनवरही साधे प्लास्टिकचे पाकीट चढवावे.

पडदा: उन्हात दिसतो का

तिन्ही पडदे ओएलईडी आहेत. आकार ६.२ ते ६.३ इंच. तिघेही एका सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतात, त्यामुळे सरकवताना अक्षरे अडखळत नाहीत. आयफोनच्या साध्या आवृत्तीला ही सोय १७ व्या पिढीत प्रथमच मिळाली. एका इंचातले ठिपके मोजले तर आयफोन ४६०, पिक्सेल ४२२ आणि गॅलेक्सी सुमारे ४१६. हातभर अंतरावरून हा फरक डोळ्याला ओळखू येत नाही. देवनागरीतले जोडाक्षर असो वा तमिळची वळणे, तिन्हींवर स्पष्ट दिसतात. म्हणून पडद्याच्या या बाजूवर वेळ घालवायचे कारण नाही.

वेळ घालवावा तो उन्हावर. पडद्याची उजळता निट या एककात मोजतात. जाहिरातीत आयफोन आणि पिक्सेल ३००० निटचा कमाल आकडा देतात, गॅलेक्सी २६०० निटचा. हा कमाल आकडा फोन कायम देत नाही. प्रकाश मोजणारा सेन्सर भर उन्हाची खात्री करतो, तेव्हाच तो मिळतो आणि तोही मर्यादित भागावर किंवा थोड्या वेळापुरता. आयफोन १७ ची नेहमीची कमाल उजळता ॲपलच्याच सांगण्यानुसार १००० निट आहे.

दुसरी अडचण परावर्तनाची. खाचरात पाणी भरलेले असताना वरून आणि खालून दोन्हीकडून प्रकाश येतो. पडद्याची काच तो डोळ्यांवर परत फेकते आणि अक्षरे फिकी पडतात. आयफोन १७ च्या पुढच्या काचेवर परावर्तन कमी करणारा थर दिला आहे. गॅलेक्सीच्या एस२५ अल्ट्रा या महाग भावंडाला तशी काच मिळाली, साध्या एस२५ ला नाही. पिक्सेल १० मध्येही असा खास थर नाही. त्यामुळे कागदावर पिक्सेल आणि आयफोन सारखे उजळ असले, तरी दुपारी पाणथळ शेतात आयफोनचा पडदा वाचणे सोपे जावे.

तिसरी अडचण उष्णतेची. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरावा, असे ॲपल सांगते. तंजावरला उन्हाळ्याच्या दुपारी पारा ३५ च्या वर जातो. फोन तापला की आतले भाग वाचवण्यासाठी तो पडदा आपोआप मंद करतो. म्हणजे सर्वांत जास्त उजेड हवा असतो, नेमका तेव्हाच तो कमी होतो. हे तिन्ही फोनना लागू आहे. उपाय साधे आहेत. फोन उन्हात उघडा ठेवू नये, जाड रबरी आवरण दुपारपुरते काढावे आणि मोटारसायकलच्या हँडलवर नकाशा लावून तासभर चार्जिंग करू नये.

पडद्याचे रंग: कारागिरांसाठी

या प्रदेशातल्या कारागिरांसाठी पडद्याचे रंग हा पोटाचा प्रश्न आहे. तिरुभुवनमचे रेशीम, स्वामीमलैच्या पंचधातूच्या मूर्ती, नाचियारकोविलच्या समया आणि तंजावरची सोन्याचा वर्ख लावलेली चित्रे यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दूरच्या गिऱ्हाइकाला माल आधी फोटोत दिसतो. विक्रेत्याच्या पडद्यावर लाल रंग भडक दिसत असेल, तर तो फोटोतला लाल कमी करतो आणि गिऱ्हाइकाला साडी फिकी दिसते. माल हाती पडल्यावर मग वाद होतो.

गॅलेक्सीत रंग भडक दाखवणारी आणि नैसर्गिक दाखवणारी अशा दोन पद्धती आहेत. कारागिराने नैसर्गिक निवडावी. पिक्सेलमध्येही अशीच निवड आहे. आयफोनमध्ये ट्रू टोन नावाची सोय खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडद्याचा पांढरा रंग बदलते. वाचताना ती डोळ्यांना बरी वाटते, पण रंग पारखताना बंद ठेवावी. एवढे केल्यावर तिघेही विक्रीच्या कामाला पुरेसे विश्वासू आहेत.

कॅमेरा: आधी अंतर ठरवा

आता खरा फरक. या तीन फोनच्या कॅमेऱ्यांमध्ये सरसकट श्रेष्ठ असा कोणी नाही. प्रत्येकाने वेगळ्या अंतरावर खर्च केला आहे.

आयफोन १७ मध्ये मागे दोनच कॅमेरे आहेत. मुख्य ४८ मेगापिक्सेलचा आणि रुंद देखावा टिपणारा अल्ट्रावाइडही ४८ मेगापिक्सेलचा. दूरचे पाहणारे वेगळे टेलिफोटो भिंग नाही. दुप्पट झूम मुख्य सेन्सरच्या मधल्या भागातून घेतला जातो.

गॅलेक्सी एस२५ मध्ये तीन आहेत. मुख्य ५० मेगापिक्सेलचा, अल्ट्रावाइड १२ चा आणि तिप्पट झूमचा टेलिफोटो १० चा.

पिक्सेल १० मध्येही तीन आहेत. मुख्य ४८ मेगापिक्सेलचा, अल्ट्रावाइड १३ चा आणि पाचपट झूमचा टेलिफोटो १०.८ चा. या टेलिफोटोची किंमत दुसरीकडे वसूल झाली आहे. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर बाकी दोघांपेक्षा आकाराने लहान आहे.

म्हणून कॅमेरा निवडण्याआधी एकच प्रश्न विचारावा. मी ज्याचे फोटो काढतो, त्यापासून किती दूर उभा असतो?

वीतभर अंतर: पान आणि कीड

भातावर करपा पडला की पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसतात, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. तपकिरी तुडतुडे खोडाच्या बुडाशी, पाण्याच्या जरा वर बसतात. कृषी अधिकाऱ्याला किंवा रोग ओळखणाऱ्या ॲपला फोटो पाठवायचा तर ठिपक्याची कड आणि तुडतुड्याचा आकार स्पष्ट हवा. त्यासाठी कॅमेऱ्याला काही सेंटिमीटरवर फोकस करता आले पाहिजे.

आयफोन १७ आणि पिक्सेल १० मध्ये अल्ट्रावाइड भिंगाला ऑटोफोकस आहे आणि तेच मॅक्रोचे, म्हणजे अगदी जवळून टिपण्याचे काम करते. गॅलेक्सी एस२५ च्या अल्ट्रावाइडला ऑटोफोकस नाही. त्याला फार जवळ नेले की चित्र पुसट होते, म्हणून थोडे मागे सरून दुप्पट झूम लावावा लागतो. इथे आयफोन पुढे आहे, कारण त्याच्या अल्ट्रावाइडमध्ये तपशील साठवायला जास्त जागा आहे. दारासुरमच्या ऐरावतेश्वर देवळाच्या जोत्यावर बारीक कोरीव कथापट्ट आहेत. तिथेही हाच निकष लागतो.

पिकाचे नुकसान झाले तर फोटोला पुराव्याची किंमत येते. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या गज चक्रीवादळाने या भागातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या. पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. अशा वेळी फोटोत स्थळाची नोंद चालू ठेवावी. आधी दूरून सबंध शेत, मग मध्यम अंतरावरून ओळखीची खूण आणि शेवटी जवळून नुकसान, असे तीन फोटो घ्यावेत. हे काम तिन्ही फोन उत्तम करतात.

हातभर अंतर: चित्र, मूर्ती, कागद

तंजावर चित्रात उठावाच्या कामावर सोन्याचा वर्ख असतो आणि पुष्कळदा वर काच. फ्लॅश लावला की मधोमध पांढरा डाग पडतो. मुख्य कॅमेरा जवळ नेला तर काचेत फोटो काढणाऱ्याचीच सावली येते आणि चौकटीच्या रेषा फुगतात. मागे सरून दुप्पट किंवा तिप्पट झूम वापरला की दोन्ही अडचणी सुटतात. गॅलेक्सीचा तिप्पट टेलिफोटो या अंतराला अगदी योग्य बसतो. मूर्ती आणि माणसांच्या चेहऱ्यांसाठीही हाच झूम चांगला, कारण नाक-कानांची प्रमाणे बिघडत नाहीत. पिक्सेलचा पाचपट टेलिफोटो घरातल्या खोलीत फार लांबचा पडतो.

जुने कागद टिपायचे तर मोठे आकडे लागत नाहीत. ए४ कागदाची उंची ११.७ इंच. छपाईला साजेशी ३०० ठिपके प्रतिइंच ही स्पष्टता हवी असेल, तर त्या उंचीवर सुमारे ३५०० ठिपके पुरतात. साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत उंचीला सुमारे ४००० ठिपके असतात. म्हणजे घरातले मोडी पत्र, जमिनीचे जुने खत किंवा पणजोबांची वही टिपायला तिन्ही फोन पुरून उरतात. तिथे कॅमेऱ्यापेक्षा पद्धत महत्त्वाची. कागद सपाट ठेवावा, उजेड दोन्ही बाजूंनी सारखा असावा, फोन कागदाला समांतर धरावा आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. ग्रंथालयातली दप्तरे टिपण्याआधी मात्र परवानगी घेतलीच पाहिजे.

शंभर मीटर: बृहदीश्वराचे विमान

राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेल्या बृहदीश्वर मंदिराचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, सुमारे ६६ मीटर उंच आहे. जवळ उभे राहून फोन वर झुकवला की फोटोत ते मागे कलल्यासारखे दिसते आणि कडा वर एकत्र येतात. रेषा सरळ हव्या असतील, तर फोन जमिनीला काटकोनात धरावा लागतो.

साधे गणित करू. उभ्या धरलेल्या फोनचा मुख्य कॅमेरा न झुकवता विमानाचे टोक चौकटीत घ्यायचे, तर साधारण १०० मीटर मागे जावे लागते. अल्ट्रावाइडने हेच अंतर ५० मीटरच्या आसपास येते. अशा फोटोत खालचा निम्मा भाग नुसत्या फरशीचा येतो आणि तो नंतर कापावा लागतो. कापल्यावर आयफोनच्या ४८ मेगापिक्सेल अल्ट्रावाइडमधून जवळजवळ २४ उरतात, पिक्सेलमधून साडेसहा आणि गॅलेक्सीतून ६. इमारतींचे फोटो काढणाऱ्यासाठी आयफोनच्या अल्ट्रावाइडचे मोल इथे कळते.

विमानावरची शिल्पे टिपायची तर उलट. १०० मीटरवरून उभ्या चौकटीत मुख्य कॅमेरा सुमारे १३० मीटर उंचीचा देखावा सामावतो, आयफोनचा दुप्पट झूम सुमारे ६७ मीटर, गॅलेक्सीचा तिप्पट ५० च्या आसपास आणि पिक्सेलचा पाचपट सुमारे ३० मीटर. ठिपक्यांच्या हिशोबात आयफोनला एका ठिपक्यात दगडाचा सुमारे पावणेदोन सेंटिमीटर भाग मिळतो, गॅलेक्सीला सुमारे दीड आणि पिक्सेलला एक सेंटिमीटरपेक्षा कमी. दिवसाच्या उजेडात दूरच्या शिल्पासाठी पिक्सेल १० स्पष्टपणे पुढे आहे. तिरुवैयारूला जानेवारीत होणाऱ्या त्यागराज आराधनेत गर्दीच्या मागून गायकाचा चेहरा टिपायलाही तोच उपयोगी.

शिलालेख: सॉफ्टवेअरपासून सावध

सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. हा लेख पाहायला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला त्याचा फोटो हवा असतो आणि बहुतेकांचा फोटो वाचता न येण्याजोगा निघतो. कारण कॅमेरा नसतो, वेळ असते. डोक्यावरच्या उन्हात किंवा समोरून पडणाऱ्या प्रकाशात कोरलेल्या अक्षराला सावली पडत नाही. ऊन भिंतीला घासून जाते त्या वेळी, सकाळी किंवा संध्याकाळी, प्रत्येक रेघेत सावली भरते आणि अक्षर उठून दिसते. ऊन नसेल तर सोबत्याने दुसऱ्या फोनची टॉर्च भिंतीच्या कडेने तिरपी धरावी. अक्षरांत खडू किंवा पावडर भरणे दगडाला घातक आहे. ते कधीही करू नये.

आजचे फोन फोटो घेतात तसे तो रंगवतातही. झूम भिंगाच्या मर्यादेपलीकडे गेला की सॉफ्टवेअर कडा अंदाजाने भरते. झाडाच्या पानांत तो अंदाज चालून जातो. शिलालेखात एक वेलांटी अंदाजाने उमटली तर नाव बदलते, आकडा बदलला तर शक बदलतो. म्हणून लेख टिपताना भिंगाच्या मूळ टप्प्यांवरच थांबावे: गॅलेक्सीत १ आणि ३, पिक्सेलमध्ये १ आणि ५, आयफोनमध्ये १ आणि २. दूरून ओढण्यापेक्षा जवळ जाऊन तुकड्यातुकड्याने, प्रत्येक फोटोत मागचा थोडा भाग ठेवत टिपावे. अभ्यासाला असाच फोटो चालतो.

अंधार: समईचा उजेड

गाभाऱ्यात फोटो काढायला मनाई असते आणि ती पाळावी. पण ओवऱ्या, मंडप आणि उत्सवाच्या रात्री असतात. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिवई लावायला परवानगी लागते, त्यामुळे फोन हातातच धरावा लागतो. मग दोन गोष्टी निर्णायक ठरतात: सेन्सरचा आकार आणि भिंगाचे तोंड.

तिन्ही मुख्य कॅमेऱ्यांची भिंगे मोठ्या तोंडाची आहेत. आयफोनचे एफ/१.६, पिक्सेलचे एफ/१.७, गॅलेक्सीचे एफ/१.८. एफपुढचा आकडा जेवढा लहान, तेवढा प्रकाश जास्त. हाताचा कंप सावरणारी यंत्रणाही तिघांत आहे. पण आयफोन आणि गॅलेक्सीचे मुख्य सेन्सर पिक्सेलपेक्षा मोठे आहेत, म्हणून अंधारात त्यांच्याकडे कच्चा माल जास्त असतो. पिक्सेलचे सॉफ्टवेअर ही उणीव बरीच भरून काढते, विशेषतः दृश्य स्थिर असेल तर. नाचणारी मुलगी किंवा हलती पालखी असेल तेव्हा सॉफ्टवेअरला अनेक फोटो जुळवायला वेळ मिळत नाही आणि मोठा सेन्सर जिंकतो.

टेलिफोटो अंधारात सगळ्यांचेच कमी पडतात. पिक्सेलच्या पाचपट भिंगाचे तोंड एफ/३.१ आहे. तेवढ्याच जागेवर त्यातून मुख्य भिंगाच्या एक तृतीयांशाहून कमी प्रकाश येतो, आणि सेन्सरही लहान. दिवसा त्याची जी बाजू भक्कम होती, ती रात्री कमजोर पडते. रात्रीच्या उत्सवात झूम सोडावा आणि दोन पावले पुढे जावे.

वीस-पंचवीस हजारांत काय पाहावे

गावातल्या बहुतेक घरांचा फोन ८० हजारांचा नसतो. त्या पायरीवर जाहिरातीचे आकडे उलट अधिक मोठे होतात. जानेवारी २०२४ मध्ये भारतात आलेल्या रेडमी नोट १३ प्रो या फोनवर २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. तो सोळा ठिपके एकत्र करून १ करतो आणि नेहमीचा फोटो साडेबारा मेगापिक्सेलचा देतो. ही पद्धत प्रामाणिक आहे आणि त्याचा मुख्य कॅमेरा कंप सावरणाराही आहे. पण त्याच फोनवर अल्ट्रावाइड ८ मेगापिक्सेलचा आणि मॅक्रो फक्त २ चा होता. करप्याचा ठिपका टिपायला ते २ मेगापिक्सेल कामाचे नाहीत. तिथे मुख्य कॅमेऱ्यानेच, थोडे दूरून दुप्पट झूम करून काढलेला फोटो चांगला येतो.

या किमतीत मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस, म्हणजे कंप सावरणारी यंत्रणा असणे, पडदा ओएलईडी असणे, पावसाचे शिंतोडे सोसणारे किमान आयपी ५४ मानांकन असणे आणि किती वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार याचे कंपनीने स्पष्ट आश्वासन देणे, या चार गोष्टी पाहाव्यात. कॅमेऱ्यांची संख्या मोजू नये. अपडेटच्या बाबतीत महाग फोनची बाजू बळकट आहे. सॅमसंग आणि गूगल या दोघांनी एस२५ आणि पिक्सेल १० ला सात वर्षांचे आश्वासन दिले आहे.

दुकानात करायच्या चाचण्या

तंजावर असो, कुंभकोणम असो की कोल्हापूर, दुकानातला उजेड पडदा सुंदर दिसावा असाच ठेवलेला असतो. म्हणून:

- प्रदर्शनातला फोन शक्य असेल तर दारात, उन्हात नेऊन एक संदेश वाचून पाहावा.
- बोट किंचित ओले करून टंकलेखन करून पाहावे.
- आपल्या खिशातल्या नोटेवरचे बारीक अक्षर सर्वांत जवळून टिपून पाहावे.
- समोरच्या पाटीचा फोटो १ वर आणि टेलिफोटोवर काढून दोन्ही मोठे करून वाचावेत.
- टेबलाखाली अंधारात हलत्या हाताचा फोटो काढावा.
- काढलेले फोटो दुकानातल्या पडद्यावर न पारखता स्वतःला पाठवून घरी पाहावेत.

कोणी कोणता घ्यावा

शेती, बांधकाम किंवा देवळांच्या स्थापत्याचे काम करणाऱ्याने आयफोन १७ घ्यावा. उन्हात वाचता येणारा पडदा, जवळ फोकस करणारा आणि तपशील राखणारा अल्ट्रावाइड या त्याच्या दोन बाजू इथल्या कामाला थेट उपयोगी पडतात. दूरचे शिल्प हा त्याचा कच्चा दुवा आहे, हे मान्य करून घ्यावा.

माणसांचे, मूर्तींचे, चित्रांचे आणि साड्यांचे फोटो काढणाऱ्या कारागिराने व विक्रेत्याने गॅलेक्सी एस२५ घ्यावा. तिप्पट टेलिफोटो त्याच्या नेमक्या अंतराला बसतो आणि हलका फोन दिवसभर हातात राहतो. पानावरची कीड जवळून टिपणे त्याला जमत नाही आणि बॅटरी लहान आहे, हे लक्षात ठेवावे.

प्रवासी, पक्षिनिरीक्षक आणि शिल्पांच्या अभ्यासकाने पिक्सेल १० घ्यावा. दिवसा दूरचे पाहण्यात या तिघांत त्याच्या जवळपास कोणी नाही आणि त्याची बॅटरी दिवस काढते. रात्रीच्या हलत्या दृश्यांत तो मागे राहतो.

ज्याला यातले काहीच विशेष करायचे नाही, त्याने पंचवीस हजारांचा चांगला फोन घेऊन उरलेले पैसे दुसऱ्या कामाला लावावेत. कागद, शेत, घरचे समारंभ आणि बृहदीश्वरासमोरचा कुटुंबाचा फोटो एवढ्यासाठी तो पुरतो. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी लेखही त्याच्या मुख्य कॅमेऱ्याने वाचनीय टिपता येतो, फक्त तिथे तिरप्या उन्हाच्या वेळी पोहोचायला हवे.